एक प्रामाणिक खोटारडा पाहिजे

बाबांच्या वहीत एकच ओळ रिकामी होती. ती भरून द्यायला फार तर दहा मिनिटं लागतील, असं मी आईला आणि छापखान्याला सांगितलं. त्या दहा मिनिटांचे पाच आठवडे झाले. एवढ्या काळात इमारतीच्या नोटीस बोर्डावर माझ्याविरुद्ध एक सूचना लागली, एका सरकारी खिडकीने मला ओळख दाखवणं सोडलं, आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी माझ्याशी अबोला धरला. तोही माझा ड्रेस स्वतःच्या ताब्यात ठेवून.

वहीचं नाव ‘अंगभर इंग्रजी’. बाबांनी शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इंग्रजीतले अवयवांवरचे वाक्प्रचार केसांपासून टाचेपर्यंत गोळा केले. एका पानावर एक वाक्प्रचार आणि त्याखाली चार मथळे: शब्दशः, अर्थ, वापर, सही.

या चौथ्या मथळ्यापाशी सगळे थबकतात. बाबांचं म्हणणं असं, की पुस्तकातली उदाहरणाची वाक्यं कोणी कधी बोललेलीच नसतात. ‘माळी फुलांना पाणी घालतो’ हे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षं शिकवलं आणि पस्तीस वर्षांत एकाही माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. म्हणून त्यांच्या वहीत ‘वापर’ म्हणजे खरोखर कोणीतरी बोललेलं वाक्य, मराठीतलं, त्या वाक्प्रचाराला चपखल बसणारं. आणि त्याखाली बोलणाऱ्याची सही आणि तारीख. ‘सगळे अंगठेच असणे’, म्हणजे हातात कसब नसणे, याखाली आमच्या प्लंबरचं वाक्य आहे: “काकू, नळ झाला दुरुस्त, आता पाणी फक्त भिंतीतून येतंय.” त्याला सही येते, तरी त्याने मुद्दाम अंगठा उठवलाय. ‘पाय थंड पडणे’, म्हणजे ऐनवेळी कच खाणे, याखाली सोसायटीचे सेक्रेटरी काका आहेत: “टाकीवर मीच चढणार होतो, पण गुडघा नाही म्हणाला.” सही ठसठशीत. माणसांची अशी फजिती करून वर त्यांच्याकडून सही घ्यायची, ही विद्या बाबांना कशी साधली होती कोण जाणे. मला साधली नाही, एवढंच या गोष्टीचं सार आहे.

रिकामी ओळ दातांच्या पानावर होती. वाक्प्रचार ‘लाय थ्रू वन्स टीथ’. शब्दशः: आपल्या दातांमधून खोटं बोलणे. अर्थाच्या रकान्यात बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: “धडधडीत खोटं बोलणे. चुकून खोटं बोलणं वेगळं, गंमत म्हणून थाप मारणं वेगळं. इथे बोलणाऱ्याला खरं काय ते पक्कं ठाऊक असतं आणि तरीही तो चेहरा हसरा ठेवून, ठासून, उलटं सांगतो. दात दिसतात, लपवलेलं दिसत नाही.” त्यापुढे ‘वापर’, आणि कोरी जागा. खाली मात्र बाबांची सही आणि तारीख होती. पान तपासून झालं म्हणून सही केली असेल, असं मी धरून चालले.

तुम्ही म्हणाल, एक वाक्य बनवून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मीही तेच म्हटलं होतं. पण प्रस्तावना आधीच जुळवून झाली होती आणि तिचं पहिलंच वाक्य आहे, ‘या पुस्तकातलं एकही वाक्य बनवलेलं नाही.’ म्हणजे खोटेपणाच्या पानावर मी खोटं वाक्य घातलं असतं, तर अख्खं पुस्तक खोटं ठरलं असतं आणि लेखक माझे वडील. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती, प्रुफं आली का. छापखानेवाले काका पुढच्या महिनाअखेरीला यंत्र विकून लेकीकडे राहायला जाणार होते. तोवर पुस्तक निघालं तर निघालं. नाहीतर ते वहीतच राहणार होतं.

आईला मी म्हटलं, “अगं, जगात खोटं बोलणाऱ्यांचा काय तुटवडा आहे? जिना उतरेपर्यंत सापडेल एखादा.”

“सापडेल,” आई म्हणाली. “सही देईल का?”

मी जिना उतरण्याऐवजी चढले, कारण वर मावशी होत्या. माझा ड्रेस त्यांच्याकडे सव्वा महिना होता आणि ‘उद्या संध्याकाळी तयार’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेत म्हणून दाखवलं असतं. मी वही उघडून त्यांना समजावून सांगितलं, शक्य तेवढं मऊ करून. मावशींनी सुईत दोरा ओवत सगळं ऐकलं.

“म्हणजे मी खोटारडी.”

“तसं नाही मावशी. वाक्प्रचाराच्या दृष्टीने...”

“दृष्टी नीट आहे माझी. सुई बघ कशी ओवली. हे बघ, मी उद्या म्हणते तेव्हा मला उद्याच वाटत असतं. मनापासून वाटतं. मग उद्या उजाडतो आणि दुसरं कोणीतरी रडत येतं. यात माझं खोटं कुठे आलं?”

आणि तिथेच मी अडकले, कारण बाबांच्या व्याख्येप्रमाणे मावशींचं बरोबर होतं. बोलणाऱ्याला खरं ठाऊक हवं. मावशींना ते कधीच ठाऊक नसतं. मी तसं कबूल केलं, माफी मागितली आणि जाता जाता म्हणाले, “मग ड्रेस?”

“आता तर मुळीच नाही,” मावशी म्हणाल्या. हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं निघालं.

त्याच आठवड्यात पुस्तकाच्या नोंदणीसाठी मला एका कार्यालयात जावं लागलं. अर्जावर छापलं होतं, ‘लेखकाने समक्ष उपस्थित राहावे.’ मी खिडकीतल्या कारकुनांना सांगितलं की लेखक हयात नाहीत.

“तसं त्यांच्याकडून लिहून आणा,” ते म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं, जरा ओशाळले आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडून. वारस म्हणून. आणि त्यावर साहेबांचा शेरा लागेल. साहेब नाहीत.”

साहेबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून साहेबांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ते फोनवर कोणाला तरी, आपण नुकतेच कार्यालयातून निघालो असल्याचं सांगत होते. माझ्या मनात जे झालं त्याला आनंद हाच शब्द आहे. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन अस्सल नमुने! खरं पक्कं ठाऊक, चेहरा हसरा, ठासून, उलटं. मी वही खिडकीतून आत सरकवली.

“साहेब नाहीत, हे जे तुम्ही आत्ता म्हणालात ना, त्याखाली सही द्याल का? पुस्तकात छापून येईल.”

कारकुनांनी पान दोनदा वाचलं. पुस्तकात यायचा मोह त्यांना झाला होता, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी खिशातलं पेन काढलंसुद्धा. मग ते परत ठेवलं.

“अशी सही करायला साहेबांची परवानगी लागते.”

“मग विचारा की त्यांना.”

“साहेब नाहीत.”

आणखी दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच जागेवर नाही.

दरम्यान छापखान्यातून प्रुफं आली. मी दातांचं पान उघडलं आणि डोळे चोळले. रिकाम्या जागी ठळक अक्षरांत छापलं होतं, वापर: “मुलगी बघून सांगते.” झालं होतं असं, की टाइप करणाऱ्याने छापखानेवाल्या काकांना विचारलं, इथे काय घालू, काका म्हणाले, मुलगी बघून सांगते, आणि तो आज्ञाधारक माणूस होता.

मी तावातावाने छापखान्यात गेले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“चूक आहे, मान्य. पण मला विचाराल तर वाक्य वाईट नाही. मी गेल्या गुरुवारी विचारलं, तुम्ही म्हणालात बघून सांगते, शनिवारी नक्की. शनिवारी काय म्हणालात? सोमवारी नक्की. तुमच्या वडिलांच्या नियमात बसतंय सगळं. करून टाका सही.”

माझा स्वाभिमान दुखावला गेला. मी खोटं बोलले नव्हते. मला शनिवारी खरंच वाटलं होतं की सोमवारी... आणि मग लक्षात आलं, की हे मी कोणाच्या तरी तोंडून नुकतंच ऐकलं आहे, सुईत दोरा ओवताना. मी मुकाट्याने खुणेची रेघ मारून ते वाक्य काढायला सांगितलं.

“महिनाअखेर,” काका म्हणाले. “यंत्र न्यायला माणसं येणार आहेत. त्यांना बघून सांगते म्हणून चालायचं नाही.”

इमारतीत एव्हाना बातमी पसरली होती आणि पसरताना ती सुधारत गेली होती. मी लोकांकडून गुन्ह्याचे कबुलीजबाब लिहून घेते, इथपर्यंत ती तळमजल्यावर पोहोचेपर्यंत आली. सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, खोटं बोलणारं माणूस हवं तर माझ्या सासूबाईंकडे जा. सासूबाईंनी आतून ओरडून सांगितलं, की सून आज माहेरच्या माणसांना ‘घरी पाहुणे आहेत’ असं सांगत होती, पाहुणे कुठेत ते विचार. मी दोघींपुढे वही धरली. दोघींनी एकाच वेळी दार लावलं. लग्नानंतरची त्यांची ही पहिलीच एकजूट असावी.

मग बोर्डावर सूचना लागली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कोणीही कोणत्याही कारणास्तव कोणत्याही वहीत सही करू नये. अशा सहीची जबाबदारी सोसायटी घेणार नाही.’ खाली सही करण्याचं सेक्रेटरी काकांनी टाळलं होतं. स्वतःच्या सूचनेचा त्यांनी एवढा मान राखला होता.

मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, “काका, बाबांना तर तुम्ही सही दिली होती.”

“तुझ्या बाबांची गोष्ट वेगळी. ते आधी वाक्य लिहायचे, मला वाचून दाखवायचे, मी पुरेसा लाजलो की मग सही घ्यायचे. तू कोरी जागा दाखवून सही मागत हिंडतेस. अगं, कोऱ्या जागेखाली सही म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. टाकीच्या ठरावावर त्यांनी तीन महिने सही अडवून धरली होती, का तर मधली एक ओळ रिकामी होती म्हणून. मला म्हणाले, ‘सेक्रेटरी, वरची जागा कोरी ठेवून खाली सही करणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर त्याला त्या जागी काय यायचंय ते पक्कं माहीत असतं.’”

मी घरी येईपर्यंत हे वाक्य मागे मागे आलं. पण तेव्हा मला सेक्रेटरी काकांचा राग आला होता, आणि राग आला की माझं वाचन, मनन, चिंतन सगळं बंद पडतं.

शेवटचा उपाय म्हणून मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दातांचा वाक्प्रचार, तर दातांच्या माणसाकडे जावं, एवढा साधा विचार पाच आठवडे सुचला नव्हता. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ हे त्यांचं वाक्य सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. अशी मुंगी मी तरी अजून पाहिलेली नाही. डॉक्टर सही द्यायला एका पायावर तयार झाले. फक्त वाक्य थोडं बदलून हवं होतं: “आमच्याकडे दातांवर वेदनारहित उपचार होतात. वेळ, सकाळी दहा ते एक. रविवारी बंद.”

“डॉक्टर, ही जाहिरात झाली.”

“मग खोटंच हवं होतं ना तुम्हाला?” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले. मग वहीतल्या अक्षराकडे त्यांची नजर गेली.

“सरांची वही. शेवटी आले होते ना माझ्याकडे, त्या जुन्या कवळीसाठी. वजन उतरलं की हिरड्या बसतात, कवळी सैल होते, टोचते. मी म्हटलं, सर, नवी करून देतो. म्हणाले, नवी नको, हीच रविवारपुरती घट्ट करून द्या.”

“रविवारपुरती?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, रविवारी एक तास घ्यायचा असतो.”

बाबा निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. रविवारी ते कोणाचाही तास घेत नव्हते.

घरी आले तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि एक चादर दोन टोकांनी धरली.

“आई, बाबा रविवारी कोणाला शिकवायचे?”

“कोणाला नाही.”

“डॉक्टर म्हणाले, रविवारसाठी कवळी घट्ट करून घेतली.”

आईने चादरीची तिची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि घडी माझ्यावरच सोपवली.

“दहाला तुझा परगावाहून फोन यायचा ना,” ती म्हणाली. “एरवी कुठे लावत होते ते कवळी? डबीतच असायची. मी सगळं मऊ करून द्यायची. रविवारी मात्र साडेनऊला कवळी लावून खुर्चीत ताठ बसायचे आणि म्हणत राहायचे, त थ द ध न, त थ द ध न. मी म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, दंत्य अक्षरं आहेत, दातांशिवाय निघत नाहीत. एकदा तसेच बोलून बघितलं होतं त्यांनी माझ्यासमोर. ‘तब्येत’ म्हणायला गेले, तर ‘हब्येह’ झालं. आम्ही दोघं इतके हसलो! मग म्हणाले, असं ऐकलं तर ती पहिल्या गाडीने येईल. नोकरी नवीन आहे तिची.”

“तू का नाही सांगितलंस मला?”

“सांगितलं असतं तर आली असतीस.”

“हो.”

“म्हणूनच,” आई म्हणाली. आणि मग, उशीच्या अभ्र्याकडे बघत, “फोन ठेवला की पहिलं काम कवळी काढायची. हिरड्या लाल व्हायच्या. पण खूश असायचे. म्हणायचे, आज एकही अक्षर घसरलं नाही.”

दर रविवारी, दहाच्या ठोक्याला, बाबा मला एकच वाक्य सांगायचे. पत्रात लिहितात तसं, थोडं खेळकरपणे, एकेक अक्षर तोलून. “तब्येत अगदी ठणठणीत आहे, चिंता नसावी.” मला ते वाक्य इतकं पाठ होतं, की मी कधी ऐकलंच नव्हतं. आता मनातल्या मनात म्हणून पाहिलं. त, त, द, त, त, न. सोपं वाक्य निवडायची त्यांना सवयच नव्हती.

मी वही आणली. दातांचं पान. कोरी जागा, खाली बाबांची सही, त्याखाली तारीख. पान तपासल्याची सही असती, तर ती दुसऱ्या पानांवरही असायला हवी होती. मी सगळी वही चाळली, कुठेही नव्हती. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली आणि ती तारीख शोधली. रविवार होता.

नियम त्यांनीच केला होता: बोलणाऱ्याची सही. तो त्यांनी पाळला होता. वाक्य तेवढं लिहिलं नव्हतं, कारण सुट्टीत घरी आले की ती वही मी वाचत असे.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना मी छापखान्यात गेले आणि काकांना चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला आणि मोठ्याने वाचलं. “तब्येत अगदी ठणठणीत आहे, चिंता नसावी.” मग माझ्याकडे पाहिलं.

“कोणी बोललेलं?”

“लेखकांनी.”

“सही?”

मी वहीचं पान दाखवलं. काकांनी सही पाहिली, तारीख पाहिली. आतल्या माणसाला हाक मारून म्हणाले, “हे घे. आणि आहे तसंच घाल, बाबा. मी आत्ता जे बोलतोय ते घालू नकोस.”

पुस्तक निघालं. नोंदणीच्या कार्यालयात एक प्रत दिली. साहेब नव्हते, पण त्यांनी आतून ती मागवून घेतली. सेक्रेटरी काकांनी स्वतःचं पान उघडून पुस्तक तीन मजले फिरवलं. मावशींनी माझा ड्रेस धाडला, सोबत चिठ्ठी होती: ‘काल संध्याकाळी तयार झाला.’ प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य शाबूत आहे. पुस्तकातलं एकही वाक्य बनवलेलं नाही.

एक गोष्ट तेवढी राहिली. फोनवर बाबा बोलत असताना मधूनच टक् असा बारीक आवाज यायचा. शब्दांच्या मध्ये, टक्. मी एकदा विचारलं, “बाबा, कसला आवाज येतोय?” ते म्हणाले, “पेन आहे हातात.” मी म्हटलं, “अच्छा.” आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. पेनाचा आवाज आणि सैल कवळीचा आवाज यांतला फरक मला तेव्हा कळला नाही, असं मी आईला सांगितलंय, डॉक्टरांनाही सांगितलंय. विचाराल तर तुम्हालाही सांगेन, अगदी हसतमुखाने.

खाली सही मात्र मागू नका.